पाण्याचे नाव

शब्दाला अर्थ कोठून येतो, हा प्रश्न वरवर पाहता व्याकरणाचा किंवा फार तर तर्कशास्त्राचा वाटतो. परंतु आपल्याकडील मीमांसकांनी, नैयायिकांनी आणि वैयाकरणांनी तो ज्या निष्ठेने शतकानुशतके लढवला, ती निष्ठा नुसत्या शास्त्रीय कुतूहलातून संभवत नाही. वेद प्रमाण का मानावा, भाषा ईश्वराने दिली की माणसांनी आपापसांत मुक्रर करून घेतली, नाम घेतल्याने नामी जवळ येतो की नाही, हे धर्मजिज्ञासेचे सगळे प्रश्न अखेर या एका प्रश्नापाशी येऊन ठेपतात. त्याचा विचार करताना आपले शास्त्रकार नेहमी एका बालकाचा दाखला घेत. पण ते बालक कल्पनेतले होते, त्याने स्वतःची साक्ष कधी दिली नाही, आणि ती देणे त्याला शक्यही नव्हते, कारण जो भाषा शिकतो तो भाषेपूर्वीची आपली अवस्था विसरूनच शिकतो. इतिहासात मात्र एक बालक असे होऊन गेले, की ज्याने एका अगदी साध्या इंग्रजी नामाचा अर्थ वयाच्या सातव्या वर्षी, ठरावीक तारखेला आणि ठरावीक जागी आत्मसात केला, ज्याच्या शिक्षिकेने त्याच दिवशी त्याची हकीकत पत्रात नमूद करून ठेवली, आणि ज्याने पुढे प्रौढपणी त्या क्षणाची कैफियत स्वतःच्या लेखणीने लिहिली. ते नाम ‘वॉटर’ आणि ते बालक हेलन केलर.

हेलनचा जन्म २७ जून १८८० रोजी अमेरिकेतील अलाबामा राज्यात टस्कंबिया या लहानशा गावी झाला. एकोणीस महिन्यांची असताना आलेल्या दुखण्यात तिची दृष्टी आणि श्रवणशक्ती कायमची गेली, आणि नुकतीच फुटू लागलेली वाचाही त्यांच्यामागून गेली. चार्ल्स डिकन्सच्या अमेरिकेच्या प्रवासवर्णनात तिच्या आईने लॉरा ब्रिजमन या अंध-बधिर मुलीविषयी वाचले होते. बोस्टनच्या पर्किन्स अंधशाळेत डॉक्टर सॅम्युएल हाउ यांनी वस्तूंवर उठावाच्या अक्षरांच्या चिठ्ठ्या चिकटवून त्या मुलीला भाषा शिकवली होती. त्या वाचनाचा धागा धरून पुढे खटपट झाली आणि ३ मार्च १८८७ रोजी, त्याच शाळेत शिकलेली, स्वतः बालपणी जवळजवळ अंध झालेली व काही वर्षे सरकारी गरीबखान्यात काढलेली ॲन सलिव्हन ही वीस वर्षांची तरुणी टस्कंबियास दाखल झाली. तोपर्यंत हेलनजवळ व्यवहाराचे साधन मुळीच नव्हते असे नाही. पाव हवा असला तर ती कापण्याचा आणि लोणी लावण्याचा अभिनय करी. आइस्क्रीम हवे असले तर यंत्र फिरवल्याची खूण करून अंगावर शहारा आणी. घरची माणसे तेवढ्यावरून तिचे मनोगत ओळखीत. सलिव्हनबाईंनी तिच्या तळहातावर करपल्लवीने, म्हणजे बोटांच्या अक्षरांनी, शब्द उमटवण्यास प्रारंभ केला. पहिला शब्द बाहुलीचा होता. मुलगी चलाख, तिने तो लगोलग उमटवून दाखवला. पण आपण शब्द लिहीत आहोत, किंबहुना शब्द नावाची काही चीज जगात असते, याची आपणास तेव्हा गंधवार्ता नव्हती, बोटे केवळ अनुकरणाने हलत होती, असे तिने पुढे स्पष्ट लिहून ठेवले आहे.

या प्रकरणात मला सर्वांत महत्त्वाचा वाटणारा कागद लोकांच्या सहसा नजरेत येत नाही. ३ एप्रिलच्या पत्रात सलिव्हनबाईंनी ३१ मार्चपर्यंत हेलनला अवगत झालेल्या शब्दांची यादी दिली आहे: अठरा नामे आणि तीन क्रियापदे. बाहुली, टाचणी, किल्ली, कुत्रा, टोपी, दूध, केक, आई अशा शब्दांच्या त्या रांगेत ‘वॉटर’ हा शब्दही आहे. म्हणजे ज्या शब्दाचा साक्षात्कार ५ एप्रिलला झाला म्हणून जग सांगते, तो शब्द पाच दिवस अगोदर शिक्षिकेच्या दप्तरी शिकून झाला म्हणून जमा होता. परीक्षकाच्या दृष्टीने पाहिले तर त्यात खोटे काही नव्हते. पाणी पुढे आले असता मुलगी ती पाच अक्षरे उमटवीत असे. मग ५ एप्रिलला तिला असे काय मिळाले, की जे ३१ मार्चला तिच्यापाशी नव्हते? अर्थज्ञान म्हणजे वस्तू आणि ध्वनी यांची सवयीने पडलेली गाठ, असे ज्यांचे मत असेल त्यांनी या यादीचे उत्तर द्यावे. गाठ तर पडलेली होती. अर्थ मात्र अद्याप उगवला नव्हता.

त्या दिवसाची हकीकत सलिव्हनबाईंच्याच पत्रातून पाहणे चांगले. सकाळी तोंड धुताना हेलनने पाण्याकडे बोट करून आणि बाईंच्या हातावर थोपटून त्याचे नाव विचारले. बाईंनी ते हातावर उमटवले आणि न्याहारी होईपर्यंत तो विषय त्यांच्या मनातूनही गेला. त्यांच्यापुढे अडचण निराळीच होती. ‘मग’ म्हणजे पेला आणि ‘मिल्क’ म्हणजे दूध या दोन शब्दांची हेलन सारखी गल्लत करी, आणि दोहोंपैकी कोणताही उमटवताना पिण्याचा अभिनय करी. पेला, पेय आणि पिणे या तिहींचा तिच्या चित्तात एकच अविभक्त गोळा होता. सोळा वर्षांनंतरच्या आत्मचरित्रात हेलन केलर यांनी ही गल्लत पेला आणि पाणी यांची म्हणून सांगितली आहे. तपशिलातला हा भेद मला गौण वाटतो, कारण गुंता दोन्हीकडे तोच आहे. या नव्या शब्दाच्या साहाय्याने तो सुटेल असे वाटून बाई तिला पंपघरात घेऊन गेल्या, पेला तोटीखाली धरावयास लावला आणि स्वतः पंप मारू लागल्या. थंड पाणी पेला भरून हेलनच्या हातावरून वाहू लागले आणि त्याच वेळी तिच्या दुसऱ्या तळहातावर ती पाच अक्षरे उमटत राहिली. पेला तिच्या हातून गळून पडला. ती खिळल्यासारखी उभी राहिली, चेहऱ्यावर निराळेच तेज आले, आणि तिने तो शब्द पुनःपुन्हा उमटवला. मग जमिनीवर बसून तिने जमिनीचे नाव विचारले, पंपाचे विचारले, वेलींसाठी उभारलेल्या जाळीचे विचारले, आणि एकाएकी वळून बाईंचे नाव विचारले. बाईंनी उमटवले: ‘टीचर’. घरी परतेपर्यंत हाताला लागेल त्या वस्तूचे नाव ती विचारीत गेली आणि काही तासांत तीस नवे शब्द तिच्या संग्रही पडले.

आपल्या शास्त्रांत या व्यापाराला शक्तिग्रह म्हणतात. सिद्धान्तमुक्तावलीकार विश्वनाथ पंचाननांनी शक्तिग्रहाची व्याकरण, उपमान, कोश, आप्तवाक्य, व्यवहार इत्यादी आठ साधने सांगितली आहेत. त्यांपैकी ज्याला अद्याप एकही शब्द येत नाही अशा बालकाला व्यवहाराखेरीज दुसरे काहीच उपलब्ध नसते, कारण कोश उघडावयाचा तरी अगोदर शब्द हवेत. वडील माणूस दुसऱ्या जाणत्या माणसास गाय आणावयास सांगतो, तो गाय आणतो. मग गाय बांधून घोडा आणावयास सांगतो, तो तसे करतो. आणि जवळ बसलेले मूल कोणता शब्द आला असता कोणती वस्तू येते व कोणता गेला असता कोणती जाते हे पाहून एकेका शब्दाचा अर्थ वेगळा काढते. शब्दांच्या या घालण्या-काढण्याला आपल्याकडे आवापोद्वाप असे नाव आहे. टस्कंबियाच्या पंपघरात जे घडले ते याच न्यायाने घडले. पेला हातात होता, पण पाणी पेल्याच्या काठाबाहेर वाहत होते. पाणी होते, पण पिणे नव्हते. पेल्यापासून पाणी आणि पाण्यापासून पिणे वेगळे करून दाखवणारा असा प्रसंग कोणत्याही पुस्तकी धड्याने घडवून आणला नसता, आणि सलिव्हनबाईंची प्रतिभा मला तेथे दिसते.

हा शब्द नेमका पाण्याचाच निघाला ही गोष्टही विचार करण्याजोगी आहे. पदाचा अर्थ व्यक्ती, आकृती की जाती, या वादात न्यायसूत्रकार गौतमाने तिन्ही मिळून अर्थ होतो असा निकाल दिला, आणि त्याने व त्याच्या भाष्यकारांनी उदाहरणे घेतली ती गाईसारख्या पदार्थांची, की ज्यांना शिंगे, वशिंड, शेपूट असा निश्चित घाट असतो. पाण्याला घाट नाही. ते ज्यात असेल त्याचा आकार घेते, त्याला ‘हे एक’ आणि ‘ते दुसरे’ असे मोजता येत नाही, आणि न्हाणीतले पाणी, पेल्यातले पाणी व पावसाचे पाणी यांत हाताला समान असे काय लागते हे सांगणे कठीण आहे. जिचे सारे जग हाताने चाचपून ओळखण्याचे, त्या मुलीला टोपी आणि किल्ली सोपी जावी आणि पाणी अवघड जावे हे साहजिकच होते. पण पहिला खरा अर्थ तिला टोपीत सापडला नाही, पाण्यात सापडला. जेथे आकृतीचा आधार सुटतो तेथेच, हाताला लागते त्याहून निराळे असे काही नावाने धरले जाते, ही जाणीव होण्यास वाव मिळतो, असे मला वाटते.

तथापि व्यवहार आणि आवापोद्वाप एवढ्याने या घटनेचा खुलासा पुरा होत नाही. पाणी पेल्याहून वेगळे, एवढेच ती त्या दिवशी शिकली असती तर यादीतला एक शब्द पक्का झाला असता आणि काम तेथेच थांबले असते. प्रत्यक्षात एका शब्दाबरोबर सर्व शब्दांचे दार उघडले. प्रत्येक वस्तूला नाव असते हा सामान्य सिद्धान्त, जो कोणी तिच्या हातावर उमटवला नव्हता आणि उमटवणे शक्यही नव्हते, तो तिला आतून कळला. हे जाणून घेण्यासाठी अगोदर भाषा हवी, आणि भाषा येण्यासाठी अगोदर हे जाणलेले हवे, अशी ही अन्योन्याश्रयाची अडचण आहे. संत ऑगस्टीनने ‘डी माजिस्त्रो’ या आपल्या संवादात हीच अडचण मांडली आहे: ज्याला वस्तू ठाऊक नाही त्याला खूण काही शिकवू शकत नाही, आणि ज्याला ठाऊक आहे त्याला खूण शिकवीत नाही, आठवण देते, म्हणून खरा शिक्षक बाहेर बोलणारा नसून अंतरात वास करणारा ख्रिस्त होय, असा निष्कर्ष त्याने काढला. भर्तृहरी निराळ्या मार्गाने जवळपास तेथेच पोचतो. वाक्यपदीयाच्या मते बालकातही पूर्वीचे शब्दसंस्कार बीजरूपाने असतात, आणि वाक्याचा अर्थ म्हणजे तुकड्यांची बेरीज नव्हे, एका क्षणी अखंड स्फुरणारी प्रतिभा होय.

हेलन केलर यांची साक्ष येथे विलक्षण उपयोगी पडते. दुखण्यापूर्वी बाळपणी ज्या थोड्या शब्दांचा उच्चार त्या करू लागल्या होत्या, त्यांपैकी पाण्याचा शब्द तेवढा मोडक्या ध्वनीच्या रूपाने पुढेही टिकला होता. बाकीची वाचा गेली तरी ‘वाऽ वाऽ’ असा काहीसा आवाज त्या पाण्यासाठी काढीत, आणि करपल्लवीने शब्द आल्यावरच तो बंद झाला. पंपापाशी आपल्याला काही विसरलेले अंधुकपणे परत येत असल्यासारखे वाटले, असेही त्यांनी लिहिले आहे. कोणी म्हणेल, तर मग हा लौकिक स्मृतीचाच प्रकार झाला, अंतर्यामीच्या गुरूची किंवा अनादी शब्दबीजाची येथे गरज काय? हरकत रास्त आहे, आणि एका ध्वनीपुरती ती मी मान्य करतो. पण एकोणीस महिन्यांच्या मुलाला पाण्याचा आवाज येत होता, याने त्या मुलाला आवाज आणि नाव यांतला भेद कसा उमगला याचे उत्तर मिळत नाही. प्रश्न पाच वर्षे मागे सरकतो, इतकेच. ज्ञानेश्वरांनी अमृतानुभवाच्या शब्दखंडनाच्या प्रकरणात शब्दाची थोरवी गाताना स्मरण देणारा म्हणून त्याचा गौरव केला आहे, ही गोष्ट मला या संदर्भात फार अर्थपूर्ण वाटते. अक्षरे कोणती असावीत हा करार माणसांचा. मराठीत ती दोन आहेत आणि इंग्रजीत पाच, आणि त्यात ईश्वराची इच्छा शोधण्याचे कारण नाही. पण खुणेने काही अभिप्रेत होऊ शकते ही शक्ती कोणत्याही कराराने उत्पन्न होत नाही, कारण करार करणाऱ्यांपाशी ती अगोदरच असावी लागते. जैमिनीने शब्द आणि अर्थ यांचा संबंध औत्पत्तिक म्हटला तो याच अर्थाने घेतला, तर मला तो पूर्णपणे पटतो.

हेलनच्या जुन्या खुणा आणि हे नवे नाव यांत आणखी एक भेद आहे, आणि धर्मविचाराला तो अधिक जवळचा आहे. पावाची खूण म्हणजे पाव हवा. आइस्क्रीमची खूण म्हणजे आइस्क्रीम हवे. त्या सगळ्या खुणा मागण्या होत्या. वस्तू मिळाली की खुणेचे काम संपे. पंपापाशी तिला तहान लागल्याचा उल्लेख कोठेही नाही. जमीन, पंप, जाळी यांची नावे तिने विचारली, त्यांपैकी तिला काहीही नको होते. ज्याची आपल्याला गरज नाही त्यालाही नावाने ओळखावे, ते आपल्या इच्छेबाहेर स्वतःच्या ठायी आहे हे मान्य करावे, हा चित्ताचा नवाच धर्म त्या सकाळी तिच्या ठिकाणी उदय पावला. आपल्या वारकरी संतांनी नामस्मरण आणि मागणे यांत जी सीमारेषा आखली, आणि काही न मागता नाम घेण्याला जे मोल दिले, त्याचे मूळ मानवी भाषेच्या या पहिल्या पायरीत आहे असे म्हणण्यास मला संकोच वाटत नाही.

आणि त्याच दिवशी आणखी एक गोष्ट घडली. पेला आणि पाणी यांच्या धड्याला कंटाळून हेलनने नवी बाहुली जमिनीवर आपटून फोडली होती. तुकडे पायाला लागले तेव्हा तिला आनंदच झाला, दुःखाचा किंवा पश्चात्तापाचा लवलेशही मनात आला नाही, कारण त्या निःशब्द अंधाऱ्या जगात ममतेला थाराच नव्हता, असे त्या आत्मचरित्रात सांगतात. पंपापासून परत आल्यावर तिला ती बाहुली आठवली. चाचपत जाऊन तिने तुकडे गोळा केले, ते जोडण्याचा निष्फळ यत्न केला, आणि तिचे डोळे भरून आले. आयुष्यातला तो पहिला अनुताप. रात्री ती आपण होऊन बाईंच्या कुशीत शिरली आणि तिने पहिल्यांदाच त्यांचे चुंबन घेतले, हे पत्रात आहे. पाण्याचे नाव कळणे आणि बाहुलीसाठी रडू येणे यांचा संबंध काय, हा प्रश्न मानसशास्त्राने आपल्या परीने सोडवावा. मला त्यात एवढे दिसते की ज्याला नाव मिळाले ते डोळ्यांआड, म्हणजे हेलनच्या बाबतीत हाताआड, झाल्यावरही उरते, आणि जे उरते त्याच्याविषयीच माणसाला जबाबदार होता येते. खुणेच्या जगात फुटलेली बाहुली संपली होती. नावाच्या जगात ती फोडलेली होती.

येथे एका प्रचलित समजुतीला मला स्पष्ट विरोध करावयाचा आहे. नामरूप हे बंधन आहे, विकार हा केवळ वाणीच्या आश्रयाने राहतो, हे छांदोग्यात श्वेतकेतूला सांगितलेले तत्त्व मला शिरोधार्य आहे. पण त्यावरून शब्दरहित अवस्था म्हणजे शुद्ध आणि आनंदमय अवस्था, बालकाचे मौन म्हणजे ज्ञान्याचे मौन, असे जे भाबडेपणाने सांगितले जाते ते खरे नाही. १९०८ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द वर्ल्ड आय लिव्ह इन’ या पुस्तकात हेलन केलर यांनी गुरू येण्यापूर्वीच्या आपल्या स्थितीचे वर्णन केले आहे: आपण आहोत हेच आपणास ठाऊक नव्हते, आपले जग हे जगच नव्हते, इच्छा आणि क्रोध मात्र आंधळेपणाने ढकलीत होते. यात समाधी नाही, साक्षीभाव नाही, शांती नाही. शब्दाच्या अलीकडचे मौन हे असे आहे. अमृतानुभवात शब्दाचे खंडन येते ते त्याचा गौरव झाल्यावर येते, हा क्रम आकस्मिक नव्हे.

सलिव्हनबाईंनी पुढे केले ते शिक्षणशास्त्राच्या दृष्टीने त्या पंपाइतकेच मोलाचे आहे. हेलनच्या पंधरा महिन्यांच्या एका चुलत भावंडाचे निरीक्षण करून त्यांनी ताडले की मूल सुटे शब्द पाठ करून भाषा शिकत नाही, त्याच्याभोवती वर्षभर अखंड वाक्ये बोलली जातात आणि ते अर्थ लावीत जाते. म्हणून पाच दिवसांनी, १० एप्रिलच्या पत्रात, त्यांनी ठरीव धड्यांचा शिरस्ता सोडून हेलनच्या हातावर पूर्ण वाक्ये बोलण्याचा निश्चय कळवला. प्रभाकराने कुमारिलाविरुद्ध जो पक्ष मांडला, की पदे परस्परांशी अन्वित होऊनच अर्थ सांगतात आणि सुट्या पदाचा सुटा अर्थ बालकाला प्रथम मिळतच नाही, त्याच्याशी हे जुळते. त्या वाक्यांच्या प्रवाहातच पुढे ‘प्रेम’ आला आणि ‘विचार’ आला. मणी ओवताना क्रम चुकून हेलन थबकली असता बाईंनी तिच्या कपाळावर बोट टेकून ‘थिंक’ हा शब्द उमटवला, आणि डोक्यात चाललेल्या त्या व्यापाराचेच ते नाव आहे हे तिला उमगले. १८९० च्या सुमारास तिचे प्रश्न येऊ लागले: पृथ्वी आणि समुद्र कोणी केले, आईकडे येण्यापूर्वी मी कोठे होते, अंडे अंडे होण्यापूर्वी काय होते. बिशप फिलिप्स ब्रुक्स यांनी तिला ईश्वराविषयी सांगितले; पुढे स्वीडनबर्गच्या ग्रंथांनी तिच्या श्रद्धेला आकार दिला आणि १९२७ साली ‘माय रिलिजन’ हे पुस्तक झाले. पाण्याच्या नावापासून ब्रह्मजिज्ञासेपर्यंत यावयास त्या मुलीला तीनच वर्षे लागली.

ज्यांना शब्दप्रामाण्याच्या वादात रस आहे त्यांना माझी एक विनंती आहे. सलिव्हनबाईंची १८८७ सालची पत्रे, १९०३ साली निघालेल्या ‘द स्टोरी ऑफ माय लाइफ’ या पुस्तकाच्या तिसऱ्या भागात छापलेली आहेत. आत्मचरित्र वाचून झाल्यावर पुष्कळ वाचक पुस्तक तेथेच मिटतात. त्यांनी तसे करू नये. मार्च आणि एप्रिल महिन्यांची पत्रे सावकाश वाचावी, आणि शेजारी मुक्तावलीचे शब्दखंड उघडे ठेवावे.